गाठ दाखवली, बरं झालं

७ फेब्रु.
आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नाही. दिवसभर हात तिथेच. ह्यांना अजून...

९ फेब्रु.
बोर्लीच्या सरकारी दवाखान्यात गेले. सिस्टरनी नीट तपासलं. म्हणाल्या, हाताला कळतं ते एवढंच, मशीन इथे नाही, म्हसळ्यालाही नाही. पनवेल गाठा. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी लगेच बहिणीला, पनवेलच्या वंदनाला, फोन लावला. तिच्या नवऱ्याच्या कंपनीकडून तिची तपासणी दरवर्षी होते. "वहिनी, मला वाटलं तुम्हीपण..." म्हणाली. आम्ही एकाच वयाच्या.

१२ फेब्रु. पनवेल
मशीनमध्ये छाती दाबून धरतात. दुखलं. मग सोनोग्राफी, मग गाठीत सुई घालून तपासणीला थोडं काढलं. वंदना बाहेर बसून होती. तिचं घर नसतं तर उतरले कुठे असते?

१७ फेब्रु.
रिपोर्ट आला. साधी गाठ. कॅन्सर नाही!! सहा महिन्यांनी परत दाखवायचं, बस. ओट्याशी उभी राहून रडले. ह्यांनी चहा केला, साखर विसरले. गोडच लागला.

१९ फेब्रु.
हिरा कोळीण दारात आली. आनंदाच्या भरात तिला सगळं सांगितलं. पाटी उतरवून खाली बसली. म्हणाली, "मला पन हाय गाठ. दिवालीपासून."
बोलली का नाहीस, विचारलं.
"तुजी ननद हाय पनवेलात. माजं कोन हाय थं?"
ती गेल्यावर वंदनाला फोन. म्हणाली, घेऊन या, दोघी राहा.

२१ फेब्रु.
हिरा नाही म्हणते. नवरा बोटीवर, शिमगा तोंडावर, नंतर बघू. मी रागावले. घरी येऊन वाईट वाटलं. तिचा एक दिवस बुडाला की घरात काय होतं, मला काय ठाऊक.

२४ फेब्रु.
हिरा आपणहून आली. कधीची गाडी, एवढंच विचारलं.

२६ फेब्रु.
पनवेलला हिराची तपासणी झाली. सुईसुद्धा. डॉक्टरबाई फार बोलल्या नाहीत. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. परतताना एसटीत हिरा म्हणाली, "काय निघंल त्ये निघंल. आता ह्यो घोर येकटीच्या पोटात नाय." माणगाव सुटलं तशी माझ्या खांद्यावर झोपली. बोर्ली आली तरी उठवावंसं वाटेना.