कासव पाचवं, बेडूक सहावा

आणि एवढं सगळं होऊनही तू म्हणतोस की कासवाला सहाव्या नंबरावर टाकायला हवं होतं आणि बेडकाला पाचव्या! लिंबेर्त, मागच्या पत्रात मी गेममधल्या प्राण्यांचा क्रम कळवला, त्यावर तू पाठवलेली यादी मी तीन वेळा वाचली. वहीचं पान फाडून, पट्टीने रेघा ओढून, लाल पेनाने प्रत्येकाला दहापैकी गुण देऊन केलेली यादी. एवढी मेहनत गणितात घेतली असतीस तर बाईंनी आईला शाळेत बोलावलं नसतं. असो. चिरंजीव लिंबेर्त यास (चिरंजीव हा शब्द या वेळी सवयीने लिहिलेला नाही, तो दोनदा वाच) थोरला भाऊ उबाल्दो याचे आशीर्वाद आणि एक टप्पल, ती आईकडून घेणे. मी बरा आहे. खोकला आहे, पण इथे ज्याला खोकला नाही त्याच्याकडे लोक संशयाने बघतात. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, मासे साफ करायला नदीत उभी राहू नकोस, काठावर बसून कर. (ती उभीच राहणार, पण तू सांग.) तिकडे उन्हाने कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या असं लिहितोस. इथे काल बादलीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ धरला होता. तो फोडायला मी हातोडा घेतला, तर बर्फ राहिला आणि बादली फुटली.

तुझ्या पत्राच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत जी ओळ आहे, तीही वाचली. ‘दारिओची जागा रिकामी आहे असं बसवाला सांगत होता, मुकादमाला माझं नाव सुचव आणि बसचं भाडं पाठव.’ त्यावर या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. आधी कासवाचं आणि बेडकाचं बघू.

तुझी यादी ताकदीवर लावलेली आहे. कोणाचा फटका केवढा, कोण किती चपळ. पडलेला प्राणी दवाखान्यात नेऊन परत उभा करता येतो तिथे असली यादी चालते. पण आपल्या घरचा नियम वेगळा, आणि तो तूच केलास, नऊ वर्षांचा असताना, खाटेखाली पालथा पडून: पडला तो मेला. त्याला उठवायचं नाही, सोडून द्यायचं आणि मागच्या भिंतीवर कोळशाने त्याचं नाव लिहायचं. (आईने भिंत पुसली तेव्हा तू दोन दिवस जेवला नाहीस.) वर दुसरा नियम, प्रत्येक प्राण्याला आपल्या ओळखीच्या माणसाचं नाव द्यायचं, म्हणजे लढताना जीव वरखाली झाला पाहिजे. हे असलं नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यात येतं कुठून, मला अजून कळलेलं नाही. घर सोडताना तो हातात मावणारा गेम मी दप्तरात टाकून पळालो, म्हणून तू चार वर्षं माझ्यावर डूख धरून आहेस. बरोबर आहे तुझं. पण उसाच्या तोडणीवरून बेकरीत, बेकरीतून वीटभट्टीवर, भट्टीवरून इथे खाणीत, मी कुठेच टिकलो नाही आणि टिकली ती एकच वस्तू, हा गेम. आणि मी नियम मोडले नाहीत. कोणी बघत नव्हतं तेव्हाही नाही.

आता टोळीचं ऐक. आमची टोळी चौघांची. सेवेरो मुकादम, सिप्रियानो, दारिओ आणि मी. दारिओ मुकादमाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. सकाळी आत शिरायच्या आधी खाणीच्या तोंडाशी तासभर बसून गालात कोकाची पानं भरायची असतात. तो तास संपता संपत नाही, म्हणून गेम काढला. ओळखीची माणसं म्हणजे आता हीच, म्हणून नावंही त्यांचीच दिली. जमीन उकरणारी घूस होती, तिला मुकादमाचं नाव दिलं. वटवाघूळ सिप्रियानो. कासव मी. बेडूक दारिओ. काजव्याला आईचं नाव होतं ते राहू दिलं. आणि सरड्याला तुझं नाव देऊन जास्तीच्या प्राण्यांच्या पेटीत ठेवलं. (तुझ्या यादीत सरडा पहिला आहे. वाचून हसू आलं, मग आलं नाही.)

पहिल्या दिवशी सगळे खूश. सिप्रियानो म्हणाला, ‘मुकादमाचा फोटो काढून घेतला की काय रे या गेमवाल्यांनी? दातसुद्धा तसेच आहेत.’ मुकादमाने घुशीला चार सामने जिंकताना पाहिलं आणि छाती फुगवली. मग त्याने विचारलं, आणि हा पडला तर? मी म्हणालो, मेला. ‘मग उठव त्याला.’ उठवता येत नाही, म्हटलं, माझ्या धाकट्या भावाचा नियम आहे. ‘तुझा भाऊ काय बिशप आहे?’ मुकादम ओरडला, पण तोपर्यंत तिघांच्याही तोंडातलं चघळणं थांबलं होतं. खाणीत शिरणाऱ्या माणसाचं नाव मरणाऱ्या वस्तूला द्यायचं नाही, एवढी अक्कल मला असायला हवी होती. नाव बदलायची सोय गेममधल्या पुढच्या गावात होती, आणि त्या गावाला जायचं तर वाटेत अकरा सामने.

तेव्हापासून रोज सकाळी एकच विषय: कोण कितवा. पहिला असतो तो आधी लढतो, सहावा असतो त्याला सहसा कोणी हात लावत नाही, हे सगळ्यांना लगेच पाठ झालं. मुकादम म्हणे, खाणकामगारांच्या सोसायटीत ज्याचं नाव आधी लागलं तो शेवटी, ज्येष्ठतेला काही मान आहे की नाही? सिप्रियानो म्हणे, ज्याला पोरं जास्त तो शेवटी. ‘तुला सात आहेत,’ मुकादम. ‘म्हणून तर म्हणतोय!’ मी म्हटलं, भांडू नका, एकाला पेटीतच ठेवतो. तर सिप्रियानो उसळला, ‘मला पेटीत टाकलंस तर याद राख. म्हातारा झालो का मी? आणि पुढे घातलंस तर हात मोडीन.’ मग ठेवू कुठे तुम्हाला? ‘मधे ठेव. मानही राहील आणि जीवही.’ दारिओ एकटा हसत असायचा. म्हणायचा, मला घाला पुढे, बघा कसा उडतो माझा बेडूक. बेडूक कसला उडतो! बाराव्या पातळीचा, फुंकर मारली तर पडेल. तो वाचावा म्हणून मी त्याला सहावा ठेवला. तू लिहितोस की मी विचार केला नाही. केला होता, लिंबेर्त.

आता टिओ मधे आला. आपल्याकडे खाली सपाट मुलखात असलं काही नाही. इथे खाणीत पहिल्या वळणावर मातीचा एक शिंगवाला, हाच टिओ, बसवलेला असतो, डोळ्यांच्या जागी जुन्या दिव्याच्या काचा, तोंडात सिगारेट. बाहेर देवाचं चालतं, आत याचं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला पानं, सिगारेट आणि घसा जाळणारं स्पिरिट द्यावं लागतं. मुकादम म्हणाला, आत जाणारी टोळी आणि तीत टिओ नाही, हे शोभतं का? सहांत बिननावाचा उरला होता एक बोकड, नवव्या पातळीचा, शिंगं एवढीच त्याची लायकी. त्याला टिओ नाव दिलं आणि आमची सगळ्यांचीच मान अडकली. टिओला दुसरा म्हणायची कोणाची छाती? आणि पहिला ठेवला तर पहिल्याच फटक्यात तो मरणार, मग खाणीत शिरायचं कोणत्या तोंडाने? तोडगा दारिओने काढला. टिओला पहिला उभा करायचा, सगळ्यांनी टोप्या काढायच्या, आणि लगेच त्याला आत घेऊन घूस बाहेर काढायची. असे आम्ही तीन सामने जिंकलो, चार मोठी माणसं, दर वेळी टोप्या काढून.

चौथ्याला घूस मरता मरता वाचली आणि मुकादम त्या दिवशी आत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. तो म्हणाला, आपण कोण ठरवणार, ज्याची खाण त्यालाच विचारू. यादी उघडून गेम टिओच्या मांडीवर ठेवला. पानं वाहिली, सिगारेट पेटवून दिली. मग सिप्रियानोने स्पिरिट ओतलं. जमिनीवर ओततात, याने भक्तीच्या भरात मांडीवरच ओतलं. गेम चालू राहिला (तुझा गेम चिवट आहे), पण पडद्याच्या तळाशी जांभळा डाग पसरला आणि सहावी ओळ झाकली गेली. बोकड, घूस, काजवा, वटवाघूळ, कासव दिसतात. बेडूक दिसत नाही.

मुकादमाने डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, टिओने पोराला झाकलंय. आता कोणाची नजर त्याच्यावर पडणार नाही. बहिणीचा एकुलता एक, सांभाळीन असा तिला शब्द दिलेला, त्यामुळे मुकादमाचे डोळे भरून आले. त्याच दिवशी त्याने हुकूम काढला, यादीचा जो क्रम तोच बोगद्यात शिरायचा क्रम. पुढे तो स्वतः, पहारीने छत ठोकत. मागे सिप्रियानो, मग मी, आणि शेवटी, सगळ्यात सुरक्षित, दारिओ. त्याआधी शेवटी मी असायचो. नवा माणूस शेवटी, पोती त्याच्या पाठीवर, अशी रीत आहे. दारिओने माझी पोती घेतली आणि म्हणाला, चल कासवा, तुला बढती मिळाली.

मंगळवारी छत पडलं ते मागे पडलं. मुकादमाने ठोकून बघितलेलं, आम्ही तिघं खालून गेलेलो. आवाज फार मोठा नव्हता. मी वळलो तर दारिओचा दिवा दिसत नव्हता. दगड बाजूला करायला आम्हाला दुपार झाली.

आता मुकादम म्हणतो, वरचा दगड यादी वाचत नाही. सिप्रियानो म्हणतो, टिओने झाकलं म्हणजे आपल्याकडे ठेवून घेतलं, आपणच उलटं वाचलं. दोघांत रोज यावरून भांडण होतं आणि दोघंही माझ्याकडे बघत नाहीत. आणि तुझं पत्र येतं की, कासव संथ आहे, कासवाला सहावं टाकायला हवं होतं. लाल पेनाने. दहापैकी तीन गुण देऊन.

दारिओचं सामान न्यायला त्याची आई आली होती. सिप्रियानोने तिला सांगून टाकलं की तुझ्या मुलाच्या नावाचा एक बेडूक याच्याकडे आहे. मी गेम दिला. डागाखालून बोट चालवत बेडूक उघडून दाखवला. तो जागच्या जागी उड्या मारतो, तेवढंच त्याला येतं. मग तिने विचारलं, ‘याला खायला काय देता?’ ज्या सिप्रियानोला कधी उत्तर सुचायचं राहत नाही, तो खाली बघून म्हणाला, ‘बटाटे, मावशी.’ ती म्हणाली, वाळवलेले देऊ नका, त्याला आवडत नाहीत. बॅटरी संपून पडदा काळा झाला तेव्हा तिने गेम शालीच्या टोकाने पुसून मला परत दिला. चार्ज केल्यावर तो परत दिसतो, हे मला तिला सांगायला जमलं नाही.

म्हणून तुला विचारतो, कारण नियम तू केलेस. प्राणी पडला तर त्याचं नाव भिंतीवर लिहायचं, हे ठीक. पण माणूस पडला आणि प्राणी उभाच राहिला तर काय करायचं? याचा नियम तू केलेलाच नाहीस. आमच्या बेडकाला अजून एक ओरखडा नाही.

आईला नमस्कार. कळावे, लोभ आहेच, राग आहे तोही राहू दे.

तुझा थोरला,
उबाल्दो

ता. क. तुझ्या त्या ओळीबद्दल लिहिणार नाही म्हणालो होतो. मुकादमाने तुझं नाव स्वतःहून काढलं, ‘तुझा तो बिशप भाऊ येतो का?’ मी सांगितलं, त्याला फिट येते, कधीही, कुठेही, आणि सुरुंगाच्या वातीजवळ तर हमखास. ते पुढे बसवाल्यानेही ऐकलंय, तेव्हा गावात बातमी पोचली असेल. कोणी विचारलं तर थोडा थरथरून दाखव. आईला आधी सांगून ठेव.

ता. क. दुसरं. हे पत्र ज्या पिशवीत आहे तिच्या तळाशी पायमोज्यात गेम आहे. घे तुझा. सरडा पेटीत सुखरूप आहे, त्याला का आत ठेवला ते आता विचारू नकोस. खेळात त्याला खुशाल बाहेर काढ, पहिला नंबर दे, दहापैकी दहा दे. फक्त खेळात. बेडकाचं काय करायचं ते तू ठरव, पण लढायला काढू नकोस. दोन वर्षं शाळेची राहिलीत, तेवढी काढ. माझं म्हणशील तर मी परत शेवटी चालतो, पोती घेऊन, आणि जत्रा झाली की इथून निघतो. (हे मी गेल्या वर्षीही लिहिलं होतं.)

ता. क. तिसरं. आईचे पैसे बसवाला तिच्याच हातात देईल, त्यातले उसने मागू नकोस, तिला बजावलंय. आपल्या विल्यामोंतेसहून इथपर्यंतचं भाडं आता एकशेसाठ झालंय आणि एकही कमी घ्यायचं नाही, असं मी त्याला सांगून ठेवलंय. तुझ्यासाठी पाठवतोय एकशेचाळीस बोलिव्हियानो.