जिभेखालची गोळी

३० नोव्हेंबर
नव्या घरातला पहिला निवांत दिवस. शिरूरहून निघताना आई रडली, मी नाही रडले. मला खिडकीची जागा मिळाली होती. घर पाटसच्या अलीकडे, चारी बाजूंनी ऊस. सासूबाईंचं नाव म्हाळसा, त्यांना इथं आत्या म्हणायचं. सासरे हौसराव, त्यांना मामा. पूर्वी यांची मेंढरं होती, आता ऊस आणि एक ट्रॅक्टर. आत्यांनी मला शेंगा फोडायला बसवलं आणि वस्तीवरच्या सगळ्या भांडणांची रीतसर ओळख करून दिली. मला आवडल्या.

आणि महेंद्र. मला पाहायला आला तेव्हाच त्याने बाजूला घेऊन सांगितलं होतं, की राजस्थानच्या ट्रकवर असताना अफू लागली होती, आता सुटलीय, पण त्यासाठी रोज गोळी घ्यावी लागते. पटत नसेल तर नाही म्हणा, मी कारण कोणाला सांगणार नाही, असंही म्हणाला. इतकं खरं बोलणारा मुलगा मी सोडते की काय.

गोळी पांढरी, चिमुकली. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. तेवढ्या वेळात मी त्याची हवी तेवढी थट्टा करून घेते. तो नुसते डोळे मोठे करतो.

९ डिसेंबर
गोळ्या आणायला दोघं एसटीने पुण्याला गेलो. डॉक्टरबाईंनी मलाही आत बोलावलं. घाम येईल, पोट साफ होणार नाही, तोंड कोरडं पडून दात खराब होतील, पेंग येईल, म्हणाल्या. प्रत्येकावर काही ना काही करता येतं, फक्त वेळेवर येऊन सांगा. आणि गोळी मनाने बंद करू नका. ती सुटली की नशा सोसायची शरीराची सवय मोडते. मग माणसाने पूर्वीएवढीच अफू घेतली तर श्वास थांबतो. हे त्यांनी माझ्याकडे बघून पुन्हा सांगितलं. येताना यवतला उतरून भजी खाल्ली.

२७ डिसेंबर
भाकरी खाताना महेंद्रने तोंडातून काहीतरी काढलं. मला वाटलं खडा. दाढेचा तुकडा होता. तो हसला, आत्या हसल्या नाहीत.

घाम तर असा येतो की गोधडीवर त्याच्या अंगाचा पुरता आकार उठतो, डोक्यासकट. ती वाळत घालताना मला उगाच भीती वाटते. मी ती उलटी करून टाकते.

८ जानेवारी
हल्ली बोलता बोलता पेंगतो. शब्द अर्धा तोंडात, डोळे अर्धे उघडे, आत नुसतं पांढरं. हाक मारली की उरलेला अर्धा शब्द बोलतो, मधे काही झालंच नाही असा. आज मी घाबरून त्याच्या नाकाशी हात धरला.

डॉक्टरबाईंकडे जाऊ म्हणते, पण कारखाना सुरू आहे, उसाच्या खेपा सोडून जायचं कसं म्हणतो. आत्यांचं वेगळंच. "एक सुटलं आन् दुसरं लागलं. ही बी नशाच हाय की." मी परोपरीने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं मात्र नाही.

१५ जानेवारी
ट्रॅक्टरवर त्याचा डोळा लागला. भरल्या ट्रॉलीसकट कालव्याच्या कडेला, पुढचं एक चाक हवेत. लोकांनी ओढून काढलं. आत्या भिंतीला डोकं टेकून बसल्यात, जेवल्या नाहीत.

१८ जानेवारी, रविवार
आज देव्हाऱ्यापुढे आत्यांनी त्याच्या ओंजळीत बेल-भंडारा ठेवला. खंडोबाची शपथ, गोळीला पुन्हा शिवणार नाही. आमच्यात बेल-भंडारा उचलला की विषय संपला. जीव गेला तरी माणूस शब्द फिरवत नाही. महेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी अडवलं नाही, ते हवेतलं चाक माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. त्याने उचलला. राहिलेल्या गोळ्या आत्यांनी चुलीत टाकल्या.

२१ जानेवारी
जांभया. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. डोळ्यांतून पाणी, अंगावर पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा काटा. पाय आपोआप झाडतो, खाटेच्या माच्यावर आपटून टाचा सोलल्यात. आत्या उशाशी बसून म्हणतात, "निघतंय, निघू दे." रडून त्यांचेही डोळे सुजलेत.

२७ जानेवारी
एकटी पुण्याला जाऊन आले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. उद्या घेऊन या, पुन्हा सुरू करू, म्हणाल्या. घरी येऊन मी त्याच्या पाया पडले. तो म्हणाला, भंडारा उचललाय. मोडला तर देव तुझ्यावर कोपेल. मग माझ्या पदरात तोंड खुपसून रडला. मला देवाचा राग आला, हे लिहून ठेवते.

३ फेब्रुवारी
बरा झाला म्हणतात. घाम नाही, पेंग नाही, कामावर जातो. आत्यांनी जेजुरीची तयारी काढलीय. मला मात्र — तो जेवताना सारखा हायवेकडे बघतो. कोणी बोलावल्यासारखा.

८ फेब्रुवारी, दुपार
आत्या, मामा जेजुरीला. नवस फेडायला. महेंद्र आत्ता यवतहून आला. शांत. फार शांत. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या —

विचारलं. सांगितलं त्याने. खोटं त्याला येतच नाही. धाब्यावर ट्रकचा जुना सोबती भेटला. किती घेतलीत, तर म्हणाला, घ्यायचो तेवढीच.

"भंडारा मोडला न्हाई मी. गोळी घेतली न्हाई."

खरंय. आम्ही शपथ गोळीची घातली. अफूची घालायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

थोड्या वेळाने
१०८ ला फोन केला. निघालेत. रस्त्यावर उसाच्या गाड्या — फोनवरची बाई म्हणाली, कुशीवर वळवा, झोपू देऊ नका, बोलत राहा.

बोलले. सुचेल ते बोलले. आता सुचत नाही. म्हणून ही वही वाचून दाखवतेय, गोष्टीसारखी. म्हटलं, ऐकताय ते कळू दे, हूं म्हणत जा.

म्हणतोय.

पहिलं पान वाचलं. हूं.

पुढचं. हूं. उशिरा.

बेल-भंडाऱ्याचं पान गाळलं.

घोरल्यासारखं — नाही. वेगळं. गाल थोपटले. हूं.

लिहिलेलं संपलं. आता लिहिते आणि लगेच वाचते. ओठ जांभळे पडलेत — हे नाही वाचलं.

गाडीचा आवाज येतोय बघा.

हूं.

खोटं बोलले. नाही येत —

उद्या आपण दोघं पुण्याला जाऊ. देव कोपला तर माझ्यावर कोपू दे. मी सांगते त्याला. पटतंय ना. हूं म्हणा.

अहो, गोष्ट संपली नाही अजून. मी थांबलेय. नुसतं हूं —