ती बाई मध्यभागी उभी राहत नाही

४ मार्च, सोमवार
दिवाणखान्यात पुन्हा स्पीकरांच्या खुणेच्या निळ्या चिकटपट्ट्या! पाय टाकायची चोरी झाली आहे. डुलुथमधले इतर नवरे निवृत्त झाले की गोठलेल्या तळ्यावर मासे पकडत बसतात. आमचे हे मोजपट्टी घेऊन जमिनीवर रांगतात.

काल स्पीकर भिंतीपासून तीन फुटांवर होते, आज तीन फूट दोन इंच. काय फरक पडला, म्हणून विचारलं. आर्विड म्हणाला, "तो कळायला कान तयार लागतो, मार्लिस."

बरं बाबा. माझे कान कच्चे.

सगळी रड एका गाणाऱ्या बाईची. दोन स्पीकर आणि ह्याची खुर्ची ह्यांचा त्रिकोण अचूक जमला, की डोळे मिटल्यावर ती दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधे उभी राहून गाते म्हणे. आमच्याकडे ती डावीकडे सरकते. तीन महिने झाले, बाई जागेवर येत नाही.

६ मार्च, बुधवार
आज आरसा. आर्विड खुर्चीत बसला आणि मी न्हाणीघरातला आरसा भिंतीवरून इंच इंच सरकवत होते. आरशात त्याला स्पीकर दिसला, की तिथून आवाज उलटतो. "थांब. मागे. अगं, मागे म्हणजे माझ्याकडे." जिथे दिसला, तिथे माझी चांगली गोधडी खिळे ठोकून लटकवली. माझी! विचारलंही नाही.

मग त्याचा मित्र लॉईड आला. हा तर त्यांच्या तबकड्या ऐकणाऱ्या मंडळाचा महापंडित. बूट काढून कोपऱ्याकोपऱ्यात टाळ्या वाजवत फिरला, कबुतरं हाकलायला बोलावल्यासारखा. शेवटी माझ्या पियानोपाशी थांबला.

"सापडलं," म्हणाला. "उजवीकडचा आवाज हा खातोय."

पियानो माझ्या आईचा. रोज सकाळी कॉफीच्या आधी मी त्यावर एक प्रार्थना वाजवते. तेवढंच माझं ह्या खोलीत.

७ मार्च
चर्चच्या तळघराला पियानो हवाच होता म्हणे. आर्विडने फोन करूनसुद्धा टाकला. येत्या नाही, पुढच्या शनिवारी, सोळाला, ट्रक येणार. "चर्चमध्ये जाऊन वाजव ना, दहा मिनिटांवर तर आहे." दहा मिनिटं! उणे वीस अंशांत, प्रार्थनेसाठी, गाडीवरचा बर्फ खरवडून.

९ मार्च, शनिवार
जेवताना म्हटलं, "ट्रकमध्ये मलाही चढवा. मीही बराच आवाज खाते." आर्विड गोड हसला आणि आणखी बटाटे-खिम्याची हॉटडिश वाढून घेतली. मी चाळीस वर्षं ह्याच्या उजव्या हाताला बसून टोमणे मारते आहे आणि हा हसतो आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

११ मार्च
बाई अजून डावीकडेच. निर्लज्ज.

१३ मार्च, बुधवार
आर्विड चिकटपट्टी आणायला गेला. मी सरळ त्याच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्या बाईची तबकडी लावली.

बाई मधोमध उभी होती. पियानोबियानो सगळं जागच्या जागी, आणि ती मधोमध! श्वास घेतलेला ऐकू येत होता. दुसऱ्यांदा लावली. तरी तसंच.

तो परत आला. बाकावर बसून बूट काढत होता. मी उजवीकडून हळू म्हटलं, "आर्विड, गाडी पेटली आहे." त्याने शांतपणे दुसरा बूट काढला. डावीकडे जाऊन त्याहून हळू त्याच्या आवडत्या गोडाचं नाव घेतलं, "रुबार्बच्या वड्या." तर म्हणतो, "कुठे आहेत?"

म्हणजे हॉटडिशवरचा टोमणा फुकट गेला. त्याच्या आधीचे किती गेले, देव जाणे. मी समजत होते माणूस सोसतोय. त्याला ऐकूच येत नव्हतं.

आता सोपं आहे. 'तुझा उजवा कान गेलाय' एवढं म्हटलं, की पियानो वाचतो. दोनदा तोंड उघडलं. पण ह्या माणसाचा सगळा तोरा त्या कानांवर. मंडळात लॉईडपेक्षा ह्याचे कान बरे, एवढंच त्याने आयुष्यात मोठ्याने मिरवलं आहे. नाही जीभ रेटली.

१४ मार्च
तो दुकानात गेला असताना उजवा स्पीकर खुर्चीकडे चार इंच ओढला. ह्यापेक्षा फ्रिज ओढणं परवडलं! पट्टीही नव्या जागी लावली. तो बसला, डोळे मिटले. "आज जरा आली वाटतं." मी भांडी घासत राहिले.

१५ मार्च, शुक्रवार
आणखी पाच इंच. पाठ गेली कामातून.

चार वाजता खोलीतून हाक, "मार्लिस, इकडे ये." गेले. डोळे मिटलेले, गालावर पाणी. "आली. मधोमध आली."

मग उठून चर्चला फोन केला. ट्रक नको. सगळं जमून आलंय, आता खोलीतली काडीही हलवायची नाही, पियानो तर नाहीच नाही! हाच तो काल पियानोला राक्षस म्हणणारा. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. रुबार्बच्या वड्या केल्या.

१६ मार्च, शनिवार
सकाळी रांगत जाऊन मोजलंच त्याने. मोजणारच होता, मला कसं सुचलं नाही? पट्टीचं टोक बोटाने चाचपलं. मग म्हणाला, "मी पट्टी कात्रीने कापतो. ही दातांनी तोडलेली आहे."

मी कॉफी ओतायला लागले.

"नऊ इंच, मार्लिस. उजवा नऊ इंच जवळ, आणि तेव्हा कुठे ती मधे." मग मोजपट्टी गुंडाळत, "सोमवारी कानाच्या डॉक्टरची वेळ घे."

रात्री जेवताना माझी खुर्ची त्याच्या डावीकडे नेली. बसले, आणि एकही टोमणा सुचेना.