हलायचं नाही हं!

४ मार्च, सोमवार
लेकीचा फोन. स्वतःहून! नातीची, छकुलीची, दाढ दुखतेय. तिकडच्या डॉक्टरांकडे एक्स-रेची खुर्ची बघूनच तोंड घट्ट मिटते. तुमच्या दवाखान्यात एक्स-रे तुम्हीच काढता ना, आणू का, असं विचारत होती. दाढ हे निमित्त. त्यांना माझी आठवण येते, सांगायला संकोच वाटतो. ही लेकीकडे 'थोडे दिवस' राहायला गेली त्याला दोन वर्षं होतील. मीही संकोचानेच गप्प आहे.
शुक्रवार ठरला.

५ मार्च, मंगळवार
मुलांना धीर देणं ही माझी खासियत. आज एका मुलाला प्रेमाने म्हटलं, 'अजिबात दुखणार नाही हं!' तोवर तो खुशाल पाय हलवत बसला होता. दुखणं हा विषयच त्याच्या डोक्यात नव्हता. मग जे भोकाड पसरलं! डॉक्टरबाई म्हणाल्या, दुखण्याचं नाव काढू नका, दाताचा फोटो काढायचाय एवढंच सांगा. ठीक. मुलगा मुळातच रडका होता.

६ मार्च, बुधवार
संकल्प: मुलांशी बोलताना त्यांच्या उंचीला यायचं. गुडघ्यावर बसलो. उठताना वॉशबेसिन धरावं लागलं.
जेवताना शुक्रवारी बोलायचं सगळं मोठ्याने पाठ केलं. 'हा एप्रन जड असतो, मांडीवर मांजर बसल्यासारखा.' शेजारणीने दार वाजवलं. पाहुणे आलेत का, म्हणाली. म्हटलं, येणार आहेत.

७ मार्च, गुरुवार
हातात घालून नाचवायची मगर आणली. दात मोठे, म्हणजे शैक्षणिक. पहिल्याच मुलीने आईच्या कडेवर उडी घेतली. रिसेप्शनिस्टने मगर ड्रॉवरमध्ये बंद केली. तिला कल्पकता कमी.

८ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ
आल्या. लेक, छकुली आणि ही पण! हिने केस आखूड केलेत. विचारलं, बरी आहेस ना? म्हणाली, बरी आहे, तुम्ही वाळलात. व्यायाम करतो, म्हणालो. (उद्यापासून सुरू.)
लेक म्हणाली, अगं, आजोबा आहेत. छकुलीने विचारलं, फोनमधले? सुरुवात उत्तम.
मांजराचं वाक्य कामी आलं. एप्रन कुरवाळत खुर्चीत बसली, आ केला, दातात फोटोची पट्टीही धरली. 'हलायचं नाही हं' म्हणून मी दाराकडे निघालो. तिने पट्टी थुंकली. कुठे चाललात? म्हटलं, बटण बाहेर आहे. बाहेर का? म्हटलं, मी दिवसभर फोटो काढतो ना, म्हणून मला बाहेर उभं राहावं लागतं. मग मी एकटी?
हे पाठ केलेल्यात नव्हतं.
रडली. आवाज न करता. दवाखान्यात असं कोणी रडत नाही.
मग ही उठली, दुसरा एप्रन चढवला, तिचा हात धरला. 'मी आहे इथे,' एवढंच म्हणाली. मी बाहेर जाऊन बटण दाबलं. फोटो स्वच्छ. काचेतून दोघी दिसत होत्या. डॉक्टरबाईंनी दोनदा हाक मारली म्हणे, मला ऐकू आली नाही.
एकंदरीत माझी पद्धत यशस्वी. घरी चला म्हटलं, चादरी बदलल्या होत्या. लेक म्हणाली, पुढच्या वेळी नक्की, बाबा. छकुली पेंगुळली होती. खरंच असेल.

१० मार्च, रविवार
दाढ भरायला इकडेच आणतील. फोन चार्ज करून जवळ ठेवलाय. व्यायाम उद्यापासून.

१३ मार्च, बुधवार
शेवटी मीच फोन केला. हिने उचलला. दाढ भरून झाली, त्यांच्या घराजवळच. छकुलीने मुकाट्याने तोंड उघडलं. ऊर भरून आला. पाया मीच घातला होता.
ही सांगत होती, पोरीला नवा खेळ सापडलाय. बाहुलीला खुर्चीवर बसवायचं, अंगावर उशी ठेवायची, 'हलायचं नाही हं' म्हणायचं आणि बाहेर जाऊन दार लावायचं. खेळाचं नाव 'आजोबा-आजोबा'.
माझ्या नावाचा खेळ! विचारलं, मग परत आत कधी येते?
म्हणाली, येत नाही. बाहेर गेली की विसरते. बाहुली बसलेली असते तशीच.
म्हटलं, छान. हललं की फोटो बिघडतो.