हरणीचे तळवे

२२ एप्रिल
मेंढ्या गेल्या. अण्णांच्या कांदा काढलेल्या वावरात चार दिस बसवल्या व्हत्या, खतासाठी. आता वावर नुसतं लेंड्यांच्या वासाचं, आणि एकदम मोठं झाल्यागत.
एक कुत्री मागं राहिली. हरणी. पुढं नुसतं ह. लिहीन, लिहायचा कंटाळा.
चारी तळवे गेलेत. भर दुपारी डांबरावरनं चालली म्हणं. गाद्यांचं वरचं कातडं सुटून लोंबतंय, खाली लालबुंद. धनगरीण मावशी म्हणली, "घोड्यावर बसवली तर उडी मारती बया. तू पाण्याच्या मोटारीपाशीच असतो ना दिसभर? बघ हिच्याकडं. पाऊस जवळ आला का आमी ह्याच वाटनं परत जाणार. चालली तर नेईन. नाय तर तुझी."
तुझी. असं मला कुणी काही दिलं न्हाई कधी.

२३ एप्रिल
ह. ला मोटारीच्या खोलीत घेतली, माझ्यापाशी. लंगडं कुत्रं बाहेर ठेवायचं म्हंजी बिबट्याला ताट वाढून ठेवायचं.
कोमट पाण्यात चिमूट मीठ टाकून पाय धुतले. बोटांच्या फटीत खडे, एक बाभळीचा काटा. काटा ओढला तसं तिनं माझं मनगट तोंडात धरलं. दाबलं न्हाई. नुसतं धरून ठेवलं. लई वेळ आमी तसेच बसलो.
जुन्या बनियनच्या पट्ट्या बांधल्या.

२४ एप्रिल
पट्ट्या चावून काढल्या. एक तर खाल्ली.
अण्णा डोकावून गेले. "किसन्या, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लाव. आमच्या बापानं कुत्र्यांना तेच लावलं जन्मभर." मालक म्हणल्यावर हो म्हणलं. लावलं न्हाई. ती चाटती, सगळं पोटात जायचं.

२७ एप्रिल
दुपारी सगळं हलतंय. उन्हाच्या झळांत लांबची झाडं पाण्यात उभी दिसतात. झोपलो का जागा, कळंना. आमच्या गावच्या, आहुप्याच्या राईत व्हतो. घोट्याएवढा पाचोळा, खालनं गार. मागनं चार पायांचा आवाज, थांबलो की थांबायचा.
डोळं उघडलं तर ह. झोपेत पळत व्हती. पट्टीसकट पाय हलत व्हते.
ती कुठल्या जमिनीवर पळत असंल. माझ्याच तर नसंल…

३० एप्रिल
चूक झाली. पट्टी भिजू नये म्हणून दुधाच्या पिशव्या घातल्या व्हत्या पायांत, वरनं रबर. लई हुशारी वाटलेली. आज सोडल्या तर तळवे पांढरे, फुगलेले, वास. दिसभर भात लावल्यावर माणसाचे व्हतात तसे.
अण्णांच्या गायीसाठी जनावरांचे डॉक्टर आलेले. त्यांना उचलून आणून दाखवली.
"अरे भाऊ, कोंडून ठेवलंस की! हवा लागू दे. पट्टी सैल, कोरडी, रोज नवी. खोबरेल लाव, पण बोटाला लागंल एवढंच. पू आला, सूज आली, तर मला फोन."
आळ्याच्या बाजारातनं बारक्या पोरांचे सुती मोजे आणले, पट्टीवरनं घालायला. दुकानदार म्हणला, "पाळणा हलला का राव?" म्हणलं हलला. चार पायांचं झालंय.

६ मे
नवी कातडी धरतीय. कडंनं काळी, मधी गुलाबी. पट्टी बंद केली, मोजे नुसते बाहेर जाताना. संध्याकाळी तेल. आता ती आपणहून पंजा माझ्या हातात ठेवती आणि डोळं मिटती. जड व्हतो तो पंजा, झोप आलेल्या पोरासारखा.
आयेचा फोन. "कवा येतो?"
"कुत्री घेऊन येऊ का?"
"आदी तू तर ये."
आळेफाट्याचं हॉटेल सोडलं, गॅरेज सोडलं, द्राक्षाच्या बागेत तर पंधरवडाबी टिकलो न्हाई. इथनं पण निघायचंच व्हतं, पिशवी भरलेली. ह. आली आणि पिशवी तशीच राहिली. आता वाटतं निघावं ते हिला घेऊनच. वर डोंगरात डांबर तापत न्हाई एवढं. ढग पायात येतात. हिनं ढग कधी जवळनं बघितला नसंल.

१५ मे
मावशी आली. मेंढ्या दोन गावं पलीकडं बसल्यात. मी तेलच लावत व्हतो. तिनं पंजा घेतला, अंगठ्यानं दाबला, आणि हसाया लागली.
"आरं हे काय? नवरीचे पाय केलेस की! ह्या पायांनी ही मेंढरामागं चालंल व्हय? एक मुक्काम नाय व्हायचा."
"मऊ हायेत, बरे झालेत," म्हणलं.
"मऊ म्हंजी बरे न्हवं. आता तेल बंद कर. सकाळच्या गारव्यात मुरमावर थोडं थोडं फिरव. पाय चालूनच घट्ट व्हतो."
गेली. तवापासून एकच डोक्यात. तेल लावलं तर माझी. नाय लावलं तर त्यांची. कुणाला कळायचं पण न्हाई.

१६ मे
लावलं.

१७ मे
लावलं.
वारा पलीकडनं येत व्हता. तिचा पंजा माझ्या हातात, पण तोंड दाराकडं. नाक हलतंय. मधीच बारीक आवाज काढला, रडल्यासारखा न्हाई, विचारल्यासारखा. मी म्हणलं, काय हाय तिकडं? वास येतोय का त्यांचा?
जेवण गेलं न्हाई.

१९ मे
बाटली अण्णांच्या म्हातारीला देऊन टाकली. म्हणलं डोक्याला लावा. ती म्हणली, "आज लई माया आली रं?"
उजाडताच ह. ला मुरमाच्या रस्त्यावर काढली. आदी हाताची पालथी बाजू टेकून बघितली, गार व्हता. विहिरीपर्यंत गेलो. पाय उचलून उचलून टाकायची, थांबायची, माझ्याकडं बघायची. उचलून घ्यावं वाटलं. पुढं चालत राहिलो, मागं न बघता.

२५ मे
कॅनॉलपर्यंत जाऊन येतो आता. आज पळाली. परत येताना माझ्या पुढं.
तळवे खरखरीत व्हायलेत. हात फिरवला की चांगलंबी वाटतं आणि…
सपनात परत राईत व्हतो. थांबलो. मागं आवाज न्हाई. वळून बघायची हिंमत झाली न्हाई, तर जाग आली.

३० मे
आभाळ भरलंय. मेंढ्या आल्या.
दिसायच्या आदी ऐकू आल्या. ह. दारातनं कवा गेली कळलं न्हाई. बघतो तर कळपाभवती गोल, ढेकळांतनं, मुरमावरनं, एक पाय उचलला न्हाई. मेंढरं तिला ओळखून दबली. मी तिला असं कधी बघितलंच नव्हतं. इथं झोपत व्हती ती कोण मग.
मावशीनं चारी पंजे उलटे करून नखानं खरवडून बघितले. "जमलं रे तुला."
मी ह. च्या कानामागं खाजवलं.
"उद्या उजाडायला निघतो. दीर लग्नाला गेलाय, माणूस कमी हाय. तूबी चल की. तुला तरी एका जागी कुठं करमतंय?"
"कुठवर?"
"पाऊस थांबवंल तिथवर."
अण्णा ओट्यावरनं म्हणले, "न्या त्याला. हितं असून नसल्यागतच हाय." मग जवळ येऊन हळूच, "पण मोटार कोण बघंल रं?"
मी जाऊन मोटार बंद केली.
आता सांज. ह. कळपाच्या कडंला बसलीय, तोंड बाहेर. मी गेलो तर शेपटी हलवली, उठली न्हाई. कामावर हाय.
तिथनं येताना चप्पल काढली आणि मुरमावरनं चालून बघितलं. आहुप्यात अख्खा डोंगर अनवाणी उतरायचो. आज विहीर यायच्या आत तळवे जळाया लागले. बसून पाय उलटे करून बघितले. अंगठ्यानं दाबलं.
मऊ झालेत. लई मऊ.
चप्पल हातात घेऊनच खोलीवर आलो.