काळा दिवाणखान्यात, पांढरा स्वयंपाकघरात

मार्गिलान, गुरुवार

आदरणीय विहीणबाई मावजुदा यांना इनोयतचा मनापासून सलाम.

व्याही कोमिलजान यांचा गुडघा आता कसा आहे? भांड्यांच्या भट्टीपुढे उकिडवं बसणं त्यांनी सोडलं का, की डॉक्टरच सोडला? गाय व्याली का? जर्दाळूंना यंदा फूल कसं आहे? इकडे सगळे खुशाल आहेत. आमचे हे खुशाल, यांची कबुतरं खुशाल, आमचा इल्योस ताश्कंदला रेल्वेच्या कामावर खुशाल आणि तुमची मोहलारोयसुद्धा खुशाल आहे. (ही शेवटची खुशाली तुम्हाला खरी वाटणार नाही, म्हणून तर हे पत्र.) फोनच केला असता, पण मंगळवारपासून तुमचा फोन कुणी उचलत नाही. हे म्हणाले, "त्यांच्या रिश्तानकडे वारा सुटला असेल." वारा कसला आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहून बसच्या ड्रायव्हरजवळ देते आहे. तो तुमच्या फाटकाशी हॉर्न वाजवील. निदान शिव्या द्यायला तरी बाहेर या.

मंगळवारी तुम्ही न कळवता आलात. आईनं लेकीकडे न कळवता यावं, त्यात माझं काही म्हणणं नाही. चहा अर्धा टाकून उठलात, त्यातही नाही. पण उंबऱ्यावर बूट घालताना, बुटांकडे बघत, तुम्ही दोन गोष्टी बोललात. एक, "आमचा कॉम्प्युटर तुमच्या घरात मावत नसेल तर रविवारी भावाची गाडी पाठवते, घेऊन जाईल." आणि दुसरी, "त्याच गाडीतून मोहलारोयलाही चार दिवस पाठवा." विहीणबाई, मी तीन मुलींची लग्नं केली आहेत. चार दिवसांसाठी आलेली मुलगी हिवाळ्याचा कोटही बरोबर घेऊन आली, की ते चार दिवस कसले असतात हे मला कुणी सांगायला नको. आणि तुमच्या लेकीनं तुम्ही गेल्यावर कोट उन्हात घातलाय.

तेव्हा आधी कॉम्प्युटरचं बोलू. तुम्ही म्हणालात की आमच्या पांढऱ्यापुढे तुमच्या काळ्याला किंमत नाही. मी दोन्ही रोज वापरते. मी न्यायानं सांगते.

आमचा पांढरा आधी आला हे तुम्हालाही मान्य आहे. लग्नाच्या महिनाभर आधी आमच्या सोदिकच्या दुकानातून घेतला. (सोदिक म्हणजे माझ्या मावशीचा मुलगा, साखरपुड्याला ज्यानं तुमच्या ताटातला मांसाचा तुकडा स्वतःचा समजून उचलला, तोच.) सोदिक म्हणाला, "आपा, हा ऑल-इन-वन आहे. वेगळा डबा नाही, वायरींचं जंजाळ नाही, सगळं पडद्याच्या पोटात. बोट लावलं की चालतो." मी खूश. मग तुमच्याकडून रुखवताची गाडी आली. पेट्या आल्या, गाद्या आल्या, निळी ताटं आली आणि सगळ्यांच्या वर, लाल फीत बांधून, तुमचा ऑल-इन-वन. काळा. यांनी लगेच वितीनं मोजून बघितला, आमच्यापेक्षा चार बोटं रुंद निघाला. साखरपुड्याला तुम्ही आमचा मोजून गेलात असं मी म्हणत नाही. तुमची जाऊ त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून बराच वेळ उभी होती एवढंच मला आठवतं. ती म्हणाली, आळस देतेय.

तरीही दिवाणखाना कुणाला दिला? तुमच्या काळ्याला. आमचा पांढरा, आधी आलेला, मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेला, पिठाच्या डब्याशेजारी. हे तुमच्या लक्षात आलं नाही.

आता गुणदोष. पांढरा स्वभावानं हळवा आहे. बोट लावायच्या आधीच त्याला कळतं. एकदा त्याच्यावर माशी बसली तर त्यानं कुठल्याशा बेटावरचं हवामान दाखवलं आणि माशी उडेपर्यंत तिथं पाऊसच पडत होता. काळा ठाम आहे. त्याला एकदा सांगून कळत नाही, दाबावं लागतं. हे त्याला दारावरच्या घंटीसारखं दाबतात आणि मग कुणी उघडायची वाट बघत दोन पावलं मागे सरतात. पांढऱ्याचा आवाज भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यासारखा येतो, काळ्याचा इमामासारखा. पांढरा एका पायावर उभा आहे, तोही बारीक, कणीक मळताना टेबल हललं की तो नाही नाही म्हणतो. काळा पैलवानासारखा बसतो. पिठाचा हात पांढऱ्याला चालतो, काळ्याला चालत नाही. उलट काळ्यावर डाग दिसत नाहीत. आणि 'सगळं पोटात' या गोष्टीचा एक तोटा सोदिकनं सांगितला नव्हता. त्याचा नुसता आवाज बसला तरी अख्खा कॉम्प्युटर उचलून न्यावा लागतो, म्हणजे दाढ दुखते म्हणून माणसाला पलंगासकट दवाखान्यात नेण्यासारखंच. हा तोटा दोघांनाही सारखा आहे. बाकी सर्व बाबतींत पांढरा सरस आहे हे तुम्ही शांत डोक्यानं विचार केलात तर तुम्हालाही पटेल.

मग मंगळवारी तुम्ही आलात तेव्हा काळ्यावर फडकं का होतं? हे सांगायला मला संकोच वाटतो, पण नात्यात लपवायचं काय. तुमच्या धाकट्या मुलानं काळा असा लावून दिला आहे की तुमच्या घरून कॉल आला की तो आपला आपणच उचलतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी कबुतरांचं दाणापाणी करून हे घामाघूम होऊन दिवाणखान्यात आले, सदरा काढला, बनियनवर उभं राहून पोट खाजवत होते. समोरचा अंधारा पडदा एकाएकी उजळला आणि त्यात तुम्ही सगळे जेवायला बसलेले. तुम्ही, व्याही, जाऊबाई, जाऊबाईंचे पाहुणे. व्याही घास हातात धरून म्हणाले, "सलाम, तुर्सुनबोय-अका." यांनी सलामाला उत्तर दिलं. बनियनवर असले तरी रीत सोडतील असे नाहीत. मग तब्येतीची चौकशी झाली, गुडघ्याची झाली, गाईची झाली, आणि हे सगळा वेळ छातीवर एक उशी धरून उभे. त्या दिवसापासून हे दिवाणखान्यात जाताना आधी खोकतात, काळ्याला सलाम करतात आणि त्याच्यावर माझ्या लग्नातलं रेशमी भरतकामाचं फडकं टाकतात. विहीणबाई, ते फडकं मी माझ्या मुलींनाही हात लावू दिलेलं नाही. मंगळवारी तुमचा आवाज ऐकून मोहलारोय अंगणात धावली आणि यांनी मागच्या मागे आत शिरून ते घाईघाईनं टाकलं, कारण हे पुन्हा बनियनवर होते. तुम्ही आत आलात तेव्हा दाराआडून जो खोकला ऐकू आला, तो यांचाच.

आता दुसरी गोष्ट, जास्त अवघड. तुम्ही म्हणालात की तुम्ही फाटकातून आत येताना मी तुमच्या मुलीवर ओरडत होते. "तुला काही कळत नाही, हे तुझ्या आईनं शिकवलं का?" हे शब्द तुम्ही ऐकलेत. शब्द बरोबर आहेत. पण तुम्ही अर्धंच ऐकलंत, कारण आमचं स्वयंपाकघर फाटकाला लागून आहे आणि दिवाणखाना अंगणापलीकडे. ती तिथून माझ्यावर ओरडत होती.

थांबा, पत्र फाडू नका. नीट सांगते.

सासूसमोर मान वर करायची नाही हे तुम्ही मोहलारोयला इतकं चोख शिकवून पाठवलंत की लग्नानंतर तिच्या डोक्यावरच्या रुमालाची नक्षी मला पाठ झाली होती, चेहरा नाही. काही विचारा, "हो, आई." चहा हवा का, "हो, आई." नको का, "हो, आई." इल्योस ताश्कंदहून पंधरवड्यानं येणार. मधल्या दिवसांत या घरात तिच्याशी बोलायला मी, हे आणि कबुतरं. ती कोठाराआड जाऊन रडते हे मला कळत होतं. पण जाऊन विचारावं तर म्हणणार काय? हो, आई. सून असताना मीसुद्धा वर्षभर असंच काढलंय, आणि माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा मला वाटलं, या बाईशी आपण कधी बोललोच नाही.

मग एक दिवस मी खिमा भरून मांती वाफवत होते. पांढऱ्यावर वाफ धरली म्हणून रुमालाच्या टोकानं पुसायला गेले, तर त्यानं परस्पर कॉल लावला. कुणाला, तर अंगणापलीकडच्या काळ्याला. मोहलारोय तिथं धूळ झटकत होती. तिला वाटलं माहेरचा कॉल. धावत समोर आली आणि पडद्यात मी! आता पडद्यात मान खाली घालून चालत नाही, समोरच्याला नुसता रुमाल दिसतो. तिनं वर बघितलं. मी बघितलं. डोळे अगदी तुमच्यासारखे आहेत, जरा चिडके. मी म्हटलं, "अगं, चुकून लागला." ती म्हणाली, "आई, तुमच्या नाकाला पीठ लागलंय." आणि हसली. विहीणबाई, तुमची मुलगी हसताना बकरीसारखी हसते हे तुम्ही लग्न ठरवताना सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून रोज. ती दिवाणखान्यात, मी स्वयंपाकघरात. समोर आली की पुन्हा मान खाली, हो आई. पण पडद्यात आली की तोंडाचा पट्टा सुरू. माझ्या पुलावात मीठ जास्त असतं हे तिनं मला पडद्यातूनच सांगितलं. इल्योस घोरतो हे सांगितलं. शुक्रवारी तुमच्या घरी सगळे जमतात तेव्हा तिला सगळ्यांत जास्त रडू येतं, हेही तिथूनच. मग शुक्रवारच्या पुलावाचे मनुके आम्ही दोघी मिळून निवडतो, ती तिकडे, मी इकडे. मंगळवारी आमचं भांडण चाललं होतं ते पुलावात पिवळं गाजर घालायचं की लाल. ती म्हणाली, "आई, लाल गाजर म्हणजे सूप!" त्यावर मी जे बोलले ते तुम्ही ऐकलंत. आणि मी एकटीच एका पांढऱ्या डब्यावर पळी उगारून उभी होते तेही बघितलंत. तुमच्या जागी मी असते तर मीसुद्धा चहा टाकून उठले असते.

तर माझा निवाडा असा. पांढरा सर्व अंगांनी उत्तम आहे. काळा केवळ तुमचा मान म्हणून आम्ही ठेवून घेऊ. गाडी पाठवायचे कष्ट घेऊ नका.

व्याह्यांच्या गुडघ्याला मेंढीची चरबी कोमट करून लावा. सगळ्यांना सलाम, वासरू झालं असल्यास गाईला माझ्याकडून गूळ.

तुमची विहीण,
इनोयत

ता. क. पांढरा काल मेला. मांतीची वाफ पोटात गेली म्हणे. सोदिक आला, कान लावून बघितला आणि म्हणाला, "आपा, याच्यात सगळंच एकत्र आहे ना, म्हणून सगळंच एकत्र गेलं." वर त्याच्या सरसपणाबद्दल जे लिहिलं, ते मेलेल्याबद्दल चांगलं बोलावं म्हणून लिहिलं आहे. खरं सांगायचं तर तो पहिल्या दिवसापासून खुळा होता.

आणखी ता. क. गाडी पाठवाच. पण ती रिकामी नको. तुमच्या दुकानदाराकडे तसलाच आणखी एक काळा आहे असं मोहलारोय म्हणते. स्वयंपाकघरासाठी हवा. तुम्ही स्वतः निवडून, स्वतः घेऊन या, म्हणजे चहाही पुरा होईल. सोदिकला सांगू नका.

शेवटचं ता. क. पत्र बंद करण्याआधी मी मोहलारोयला समोरासमोर विचारलं, "रविवारी आईबरोबर माहेरी जाणार का?" मान खाली. "जशी तुमची मर्जी, आई." मी म्हटलं बरं, आणि स्वयंपाकघरात येऊन तिच्यासाठी वाटेत खायला नान बांधायला घेतले. फार वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. इतक्यात दिवाणखान्यातून, अंगणापलीकडून, मध्ये ना काळा ना पांढरा, अशी आरोळी आली की यांची कबुतरं उडाली: "आई! मला नाही जायचं! कोट नुसता उन्हात घातला होता, कसर लागली म्हणून!" शेजारच्या बाईनं भिंतीवरून डोकं काढलं आणि विचारलं, "अगंबाई, हे कोण ओरडलं?"

मी म्हटलं, "आमची सून."