मायचं वाचन

१९ ऑगस्ट, मंगळ.
साथीच्या तापात घरातले सगळे खोकून उठले. मी पाचव्या दिवशी शाळेत हजर, बायको मीना तर तिसऱ्याच दिवशी शेतात निंदणाला. मायच्या दुखण्याचा आज अकरावा दिवस. ताप उतरला, धाप तेवढी राहिली. दमा जुना, साखरही जुनी. डॉ. म्हणाले, "तुमचं चार दिवसांत झालं म्हणून त्यांचं होणार नाही. घाई नको." घाई मला नाही, तिलाच. बुद्धविहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन अडलंय. अठरा वर्षं तीच वाचते. प्रौढशिक्षणाच्या वर्गात बाराखडी शिकलेली बाई, पण कुठे अडखळणार नाही.

२३ ऑगस्ट
साखर ३१२! डॉ.नी विचारलं, काय काय देता? मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तीन वेळा काढा, मी स्वतः करतो. "गूळ घालून?" गूळ घालूनच, नाही तर काढा पितं कोण. साखर चढलेली असली की छाती लवकर बरी होत नाही म्हणे. मास्तर असून ही अक्कल. मीना दिवसभर हसली. माय म्हणाली, "पन चांगला होता."

३० ऑगस्ट
साखर उतरली, धाप तशीच. उशीखाली दम्याचा पंप सापडला. सीलसुद्धा फोडलेलं नाही. भडकलोच. "काहून नाई घेतला?"
"एकदा लावला का सुटत नाई. लोकं म्हनतीन, म्हातारी पंपावर आली."
बोलू नये ते बोललो. शेवटी मीना जवळ बसली. श्वास कसा ओढायचा, किती धरायचा, नंतर गुळणी... माझ्यापेक्षा चांगली मास्तरीण.

७ सप्टें.
काल माय ओट्यापर्यंत चालली, आज रस्त्यापर्यंत. पंप घेते, पण दार लावून.

१९ सप्टें.
डॉ. म्हणतात खोकला अजून बरेच आठवडे राहील. छाती पूर्वीसारखी होईल का? "बघू." विहारात तोवर दुसरा एक जण वाचतो. मायचं मत, "तो वाचत नाई, कडबा कापते."

७ ऑक्टो.
काल वर्षावासाची समाप्ती. शेवटचं प्रकरण मायने मागून घेतलं. पांढरं पातळ, चष्मा. मी मागे उभा. दीड पानावर श्वास तुटला. तिने पुस्तकात बोट ठेवलं, कमरेच्या पिशवीतून पंप काढला आणि सगळ्यांदेखत ओढला. "थांबा जराशे, बापाहो. मले दमा हाये."
मग राहिलेली सात पानं. आणखी दोनदा थांबली, पण संपवूनच उठली. मला रडू आलं. आलं तर आलं, माझी माय आहे ती.

९ ऑक्टो.
गल्लीतली कौसल्याकाकू आली. मायच्या कानाशी, पण मला ऐकू आलंच: "मले बी धाप लागते वं. दोन वर्सं झाले, कोनाले सांगतलं नाई."

१३ ऑक्टो.
दोघी सकाळच्या एस.टी.ने मालेगावला. मायची फेरतपासणी, काकूची पहिलीच. म्हटलं रजा टाकतो. "तू कायले? आमी दोघी जातो." फाट्यापर्यंत चालतच गेल्या, मी मोटरसायकलवर मागेमागे. माय वाटेत दोनदा थांबली, तिसऱ्यांदा गाडीच्या पायरीवर. कंडक्टर घाई करत होता, तिने लक्ष दिलं नाही. श्वास ताळ्यावर आल्यावर वर चढली आणि वळून काकूला हात दिला.
दोन वाजले. अजून फोन नाही.